वादळाच्या धास्तीने झाडांचे शेंडे उडवू नका



मे महिना लागला की रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर घरोघरी कोयते निघतात. पावसाआधी छप्पर मोकळे करायचे म्हणून अंगणातल्या आंब्या-फणसाचे शेंडे सरसकट उडवले जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. पण या छाटणीने घर सुरक्षित होत नाही, उलट धोका वाढतो.

शेंडा गेलेले झाड जगण्यासाठी कापाभोवती धुमाऱ्यांचा झुपका फोडते. हे धुमारे सालीलगतच्या थरातून येतात. मूळ फांदीसारखी त्यांची पकड खोडात खोलवर नसते. जाड कापातून जून-जुलैचे पाणी मुरते, बुरशी शिरते, लाकूड कुजते. काही वर्षांत ते धुमारे मनगटाएवढे होतात आणि वाऱ्याला तेच आधी तुटतात. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूने तासलेल्या झाडाचा तोलही असाच जातो.

माडाची गोष्ट वेगळी. त्याच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ पावसाआधी उतरवलेच पाहिजेत. हिरव्या झावळ्यांना मात्र हात लावू नये, माडाचे सारे अन्न तिथेच तयार होते. गाभ्यात गेंड्या भुंगा लागला आहे का, हेही पाडेली वर चढलाच आहे तर त्याच्याकडून पाहून घ्यावे.

इतर झाडांची निगा पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाली की सुरू व्हावी. सुकलेली फांदी कधीही काढावी. जिवंत फांद्या थोड्याच, आतून विरळ कराव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. बांडगूळ मुळासकट काढावे. कोयत्याऐवजी करवत वापरावी. आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग वरून कापावे, म्हणजे साल सोलत नाही. फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवावी, जखम तिथूनच भरते. आणि कृपा करून बुंध्याभोवती काँक्रीट ओतू नका. अंगणात फरशी बसवताना तोडलेली मुळे कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, पण वादळात झाड उन्मळते ते बहुधा तिथूनच.

‘माणसाचा जीव मोठा की झाड?’ असे विचारले जाते. जीवच मोठा. म्हणूनच खोड पोकळ झालेले किंवा बुडाशी जमीन भेगाळून कललेले झाड वेळेत, रीतसर परवानगी घेऊन काढावे. अडचण इथेच आहे. शहरी भागात १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, ती मागायची आठवण लोकांना मे महिन्यात होते आणि अर्जांचा ढीग साचतो. त्यातच वादळ काही जूनचीच वाट पाहत नाही. २००९ मध्ये फयान नोव्हेंबरात आले होते.

किनाऱ्यावरच्या नगरपरिषदांनी हे अर्ज दिवाळीनंतर मागवावेत आणि जानेवारीपर्यंत जागेवर पाहणी करून निकाली काढावेत. ग्रामपंचायतींनी झाडे छाटणाऱ्या गड्यांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे प्रशिक्षण मागावे. चांगली करवत, दोरखंड आणि कमरपट्टा यांचा खर्च एका फुटलेल्या छपराच्या दुरुस्तीपेक्षा कमीच येईल.

– एक वाचक, रायगड