पस्तीस मार्कांची परीक्षा

पस्तीस या आकड्याशी आपलं नातं शाळेपासूनचं. गणितात काठावर पस्तीस पडले म्हणून गल्लीत पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत. मी रेडिऑलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या पोटातलं, गळ्यातलं, पायातलं बघणं हा माझा धंदा. याच खोलीत अधूनमधून एक टेस्ट होते आणि तिचाही पासिंगचा आकडा पस्तीसच आहे. फक्त ती देणारा माणूस रिझल्ट कोणालाच सांगत नाही. पेढे तर दूरच!

तर मंडळी, आजचा विषय ईडी. घाबरू नका, सकाळी सकाळी दारावर येणारी ती ईडी नव्हे. ही इरेक्टाइल डिसफंक्शनवाली ईडी. म्हणजे लिंगाला पुरेशी ताठरता न येणं, किंवा आली तरी न टिकणं. मुलींनो, पान उलटू नका. यातला शेवटचा भाग कदाचित तुमच्याच उपयोगाचा आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आठवडाभर डेडलाइन, शुक्रवारी रात्री तीन पेग, घरी पोचायला दोन वाजले आणि मग 'जमलं नाही', तर तो आजार नाही. ती दमणूक आहे. झोपा. पण दोन-तीन महिने सतत हेच होत असेल, तर डॉक्टरकडे जायला हवं. आपण काय करतो? घरापासून लांबचं मेडिकल गाठतो, काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत उभं राहतो आणि मग हळूच 'ती' गोळी मागतो. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून जगभर हा टूथपेस्टचा प्रयोग चालू आहे! गोळी चांगली आहे, बऱ्याच जणांना लागूही पडते. पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर ती घ्यायचीच नाही, बीपी धोकादायक खाली जातं. आणि मुख्य म्हणजे, गोळी काम करून देते, पण काम अडलं का होतं ते सांगत नाही.

ते सांगण्यासाठी आधी आतलं प्लंबिंग समजून घ्या. लिंगात स्पंजसारख्या दोन नळकांड्या असतात. मेंदूकडून सिग्नल आला की नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो हे शोधल्याबद्दल १९९८ मध्येच तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात, रक्त जोरात आत येतं. स्पंज फुगला की बाहेर नेणाऱ्या शिरा आपोआप दाबल्या जातात आणि रक्त आतच अडकतं. सोसायटीच्या टाकीसारखंच आहे हे. टाकी भरत नसेल तर एक तर वरून पाण्याला फोर्स नाही, नाहीतर खाली कुठेतरी गळती आहे. दोन्ही ठीक असेल तर मग मोटरचं बटण दाबणाऱ्याकडे, म्हणजे मेंदूकडे बघायचं.

आता टेस्ट. नाव पेनाइल डॉप्लर. फास्ट लोकल न थांबता प्लॅटफॉर्मवरून गेली की तिच्या भोंग्याचा आवाज येताना चढा आणि जाताना उतरता लागतो ना? तोच हा डॉप्लर इफेक्ट. क्रिस्टियान डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने तो १८४२ मध्ये मांडला. इथे लोकलच्या जागी रक्तपेशी. त्यांच्यावर आदळून परत आलेला आवाज किती बदलला यावरून रक्ताचा वेग कळतो. यात एक्स-रे नाही, रेडिएशन नाही.

पण नळ बंद असताना फोर्स कसा मोजणार? म्हणून आधी बारीक सुईने लिंगाच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. पॅरिसचे सर्जन रोनाल्ड विराग यांनी १९८२ मध्ये पॅपाव्हरिन या औषधाचा हा उपयोग जगापुढे आणला. पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या एका परिषदेत गाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कमाल केली. हा गृहस्थ हॉटेलच्या खोलीत स्वतःलाच इंजेक्शन टोचून स्टेजवर आला आणि भर सभागृहात पँट खाली करून रिझल्ट दाखवला! सोमवारच्या प्रेझेंटेशनचं टेन्शन घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम लू आणि सहकाऱ्यांनी या इंजेक्शनला डॉप्लरची जोड दिली आणि आजची टेस्ट तयार झाली.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. बाहेर भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड, बाकावर पोट सांभाळत बसलेल्या बायका आणि त्यांच्यामध्ये लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन मान खाली घातलेला एक तिशीतला तरुण. टेस्टचं नाव मोठ्याने पुकारू नये, एवढीच त्याची देवाकडे प्रार्थना. आम्ही पुकारत नाही, फक्त नंबर पुकारतो. आत दार बंद, दिवे मंद. सुई टोचते, पण डासापेक्षा थोडीच जास्त. पाच मिनिटांनी जेल लावून प्रोब टेकवायचा आणि दोन्ही बाजूंच्या धमन्यांतला वेग दर पाच-दहा मिनिटांनी मोजायचा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. घरी गेल्यावर ताठरता चार तासांच्या वर टिकली तर मात्र लाजत बसायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. ती इमर्जन्सी आहे.

आता मार्क. धमनीतला सर्वांत जास्त वेग सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पुरवठा उत्तम. २५ च्या खाली असेल तर धमनीत अडथळ्याची शंका. मधले काठावरचे. वेग चांगला आहे, पण दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त ५ सेंटिमीटरच्या वर वाहतच राहिलं, तर गळतीचा संशय. याला रिपोर्टमध्ये 'व्हेनस लीक' म्हणतात.

हा 'व्हेनस लीक' शब्द वाचून तरुण पोरांची झोप उडते. रात्रभर नेटवर ऑपरेशन शोधत बसतात. अरे, थांबा जरा! अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर झोपलेल्या कोणाचंही अॅड्रेनलिन वाढतं. अॅड्रेनलिन वाढलं की स्नायू आवळलेले राहतात आणि नसलेली गळती स्क्रीनवर दिसते. म्हणून अशा वेळी आम्ही पेशंटला थोडा वेळ एकटं सोडतो, लागलं तर दुसरा डोस देतो. आणि शिरा बांधण्याचं ऑपरेशन? २०१८ च्या अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशनच्या गाइडलाइनमध्ये ते करू नये असंच म्हटलंय. कोणी घाईघाईने तारीख देत असेल तर दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे जा.

खरं सांगायचं तर तुमच्यापैकी बहुतेकांना ही टेस्ट लागणारच नाही. सकाळी उठताना ताठरता येत असेल आणि अडचण फक्त जोडीदारासोबत असताना येत असेल, तर प्लंबिंग बहुधा शाबूत आहे. समुपदेशकाशी बोलणं जास्त कामाचं. टेस्ट लागते ती गोळ्यांनी फरक न पडणाऱ्यांना, बाइकच्या अपघातात कंबरेच्या हाडाला किंवा मांड्यांच्या मध्ये मार बसलेल्यांना, लिंगाला बाक आलेल्यांना. अपघातानंतर एकच धमनी तुंबली असेल, तर पुढे अँजिओग्राफी करून तरुणपणी ती दुरुस्त करायचाही विचार होतो.

आणि काही जण वेगळेच निघतात. मागे एक जण आला होता. वय ३९, दिवसाला दहा सिगरेटी, वर्षभर मेडिकलमधून स्वतःच गोळ्या घेत होता, आता त्याही चालेनात. उजवीकडे २१, डावीकडे १९. "डॉक्टर, म्हणजे नापास ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही नाही हो, तुमच्या धमन्या. शुगर कधी तपासली होती?" पाच वर्षांत नाही. तपासली तर भरपूर वाढलेली. युरॉलॉजिस्टने हार्टच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तिथे हृदयाच्या एका धमनीत ब्लॉक सापडला. छातीत एकदाही दुखलं नव्हतं! घरी बायको वर्षभर समजत होती की नवऱ्याचं आपल्यावरून मन उडालंय. त्या रिपोर्टमुळे दोघांचाही गैरसमज मिटला.

यामागचं गणित सोपं आहे. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. धूम्रपान, शुगर, कोलेस्टेरॉल यांचा गाळ साचायला लागला की आधी बारीक नळी कुरकुरते. इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये छातीत दुखून आलेल्या आणि हृदयात ब्लॉक सापडलेल्या ३०० पुरुषांचा अभ्यास छापला. जवळजवळ निम्म्यांना ईडी होता. त्यातल्या दोन-तृतीयांश जणांना तो छातीत दुखण्याच्या आधीपासून होता, सरासरी सव्वातीन वर्षं! सव्वातीन वर्षांत सिगरेट सुटते, वजन उतरतं, शुगर ताब्यात येते. मेडिकलमधून गुपचूप गोळी घेतली की हीच सव्वातीन वर्षं वाया जातात.

तेव्हा त्रास असेल तर आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. डॉप्लर हवा की नको ते युरॉलॉजिस्टला ठरवू दे. आणि मुलींनो, तो विषय टाळत असेल तर रुसू नका, चिडवू तर मुळीच नका. डॉक्टरकडे सोबत जा. बाहेरच्या बाकावर, त्या पोट सांभाळणाऱ्या बायकांमध्ये, तुम्ही शेजारी बसलेल्या असलात की त्याची मान आपोआप वर येते. आमच्या टेस्टलाही मदत होते, अॅड्रेनलिन कमी असतं ना!

पुढच्या आठवड्यात मानेचा एमआरआय. तोपर्यंत लॅपटॉपसमोर जरा सरळ बसा.