विश्लेषण : केसपेपर संगणकावर, तरी फायलींची पिशवी का सुटत नाही?

भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयातून, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'टेंभा'तून, रुग्णाला पुढील उपचारांसाठी मुंबईला पाठवले की नातेवाईक एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि जुने केसपेपर पिशवीत भरूनच लोकल पकडतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झाले. मग नोंदी रुग्णाच्या आधी पोहोचत का नाहीत?

रुग्ण एक, यंत्रणा किती?

टेंभा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. मीरा रोडचे इंदिरा गांधी रुग्णालय मीरा-भाईंदर महापालिकेचे. कांदिवलीचे शताब्दी आणि परळचे केईएम मुंबई महापालिकेचे, तर जे. जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे. खरी अडचण इथे आहे. प्रत्येकाचे बजेट वेगळे, निविदा वेगळी, सॉफ्टवेअरही वेगळे. दहिसर चेकनाका ओलांडला की रुग्ण पुन्हा 'नवीन' होतो.

'आभा' क्रमांकाने हे सुटत नाही का?

आभा हा 14 अंकी ओळख क्रमांक आहे. तो काढला म्हणून जुने अहवाल आपोआप त्यात येत नाहीत. रुग्णालयाने नोंद संगणकावर करून ती जोडावी लागते आणि दुसऱ्या डॉक्टरने ती पाहण्यासाठी रुग्णाची संमती लागते. (पाच लाखांच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड वेगळे. हा गोंधळ अजूनही होतो.) क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग कमी होते, हे चांगलेच. पण तपासणीत काय आढळले, कोणते औषध दिले, हे कोण टाइप करणार? ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टरने रुग्णाकडे पाहायचे की पडद्याकडे? डेटा एंट्रीला माणूस न देता संगणक दिला, तर कामच वाढते.

2022 मध्ये काय घडले?

राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी कंपनीमार्फत चालणारी 'एचएमआयएस' प्रणाली जुलै 2022 मध्ये बंद पडली. कर्मचारी कागद-पेनावर आले आणि जुन्या नोंदी पाहणे अवघड झाले. रुग्णाची माहिती सरकारी रुग्णालयात तयार होते, पण तिची किल्ली कंत्राटाच्या मुदतीला बांधलेली असते, हे तेव्हा उघड झाले. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला आणि तिथेही अनेक दिवस कामकाज हाताने चालले.

बाहेर काय अनुभव आहे?

ब्रिटनने 2002 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी एकच महाकाय संगणकीकरण कार्यक्रम हाती घेतला. अब्जावधी पौंड खर्चून 2011 मध्ये तो गुंडाळण्याची घोषणा करावी लागली. वरून लादलेली रचना डॉक्टरांना पटली नाही आणि मोठे कंत्राटदार मध्येच बाहेर पडले. म्हणजे सर्वांना एकच सॉफ्टवेअर, हाही उपाय नव्हे. सॉफ्टवेअर वेगळे असले तरी चालेल, नोंदींचा साचा एक हवा.

मीरा-भाईंदरपुरते काय करता येईल?

सुरुवात टेंभा आणि इंदिरा गांधी या दोन रुग्णालयांपासून करता येईल. निदान डिस्चार्ज कार्ड आणि रक्ततपासणीचे अहवाल तरी एकमेकांना दिसावेत. पुढच्या प्रत्येक निविदेत करार संपताना सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत करण्याची अट, तिच्या मुदतीसह, असलीच पाहिजे. नगरसेवकांनी आणि आमदारांनी संगणक किती घेतले हे विचारण्याआधी त्या अटीचे पान मागवावे.