विश्लेषण : व्हेंटिलेटर काढण्यापूर्वी श्वासपटलही पाहा
‘व्हेंटिलेटर कधी काढणार?’ हा अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाईकांचा पहिला प्रश्न. उत्तर देताना फुप्फुसे आणि रक्तातील ऑक्सिजन पाहिला जातो. श्वास ओढणारा मुख्य स्नायू, म्हणजे श्वासपटल, अनेकदा दुर्लक्षित राहतो. यंत्र श्वास देत असताना तो बसून झिजतो. २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील अभ्यासात अवघ्या १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेनंतर त्याचे तंतू निम्म्याहून अधिक आक्रसलेले आढळले.

ही झीज खाटेजवळच सोनोग्राफीने जोखता येते. रुग्ण स्वतः श्वास घेत असताना श्वासपटल किती जाड होते, ते बरगड्यांमधून दिसते. दोन मिलिमीटरची जाडी २.६ झाली, तर वाढ ३० टक्के. २० टक्क्यांहून कमी वाढ साधारणपणे दुर्बलतेची खूण मानतात.

केवळ या आकड्यावर निर्णय घेऊ नये. खोकल्याची ताकद, शुद्ध आणि तपासणाऱ्याचा सरावही महत्त्वाचा. पण नळी काढून पुन्हा घालावी लागणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच, विशेषतः बरेच दिवस यंत्रावर असलेल्यांसाठी, ही काही मिनिटांची तपासणी नेहमीची व्हायला हवी.