आधी ओळख, मग भंगार

जालन्यात वस्तू म्हातारी होत नाही, ती वितळते. सळईचे कारखाने इथे इतके की कोणाची बादली गळायला लागली तर तिची पुढची सोय ठरलेली असते. भंगारवाला, काटा, ट्रक, भट्टी, आणि पुढे कोणाच्या तरी स्लॅबमध्ये पुनर्जन्म. 'जालना सोने का पालना' असं जुनी माणसं म्हणत. आता तो पाळणाही मोडला तर आधी काट्यावरच चढेल. माझं भट्टीशी भांडण नाही. आमच्या शाखेच्या ठेवी तिच्याच उबेवर फुगतात. भांडण आहे ते काट्याशी. काट्याला एकच प्रश्न येतो, किती किलो? आणि हल्ली दुकानदार, मेकॅनिक, बँक, सगळेच काट्यासारखे बोलायला लागले आहेत.

आमच्या एका खातेदाराचंच घ्या. अंबड तालुक्यातले. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, त्यात यांचीही गेली. वाळलेली खोडं काढायला त्यांनी जुन्या बाजारातून झाडं कापायचं पेट्रोलचं मशीन आणलं. कॅटलॉगात त्याला चेनसॉ म्हणतात. बांधावर नुसतं 'मशीन'. बाग गेली, मशीन राहिलं, आणि पुढे मशीनवरच घर चाललं. वादळात आडवा झालेला लिंब, रस्त्यावर पडलेली बाभूळ, कोणाची वाळकी बाग. (उभं झाड तोडायला परवानगी लागते आणि ते ती आधी मागतात, हे त्यांच्या वतीने नोंदवून ठेवतो.) मागल्या वर्षी मशीन बंद पडलं. दुकानदाराने ते पिशवीतून बाहेरही काढू दिलं नाही.

"साहेब, जुनं मॉडेल हाय, पार्ट येत नाहीत, नवंच घ्या म्हनू लागला."

"कोणतं मॉडेल म्हणाला?"

"जुनं."

आता मला सांगा, 'जुनं' हे काय मॉडेलचं नाव झालं? उद्या मी 'कोणीतरी म्हातारे गृहस्थ' एवढ्या ओळखीवर चेक पास केला तर मला घरी बसवतील. आम्ही कारकून मंडळी सह्या ताडून पाहण्यात जन्म घालवतो. आणि त्यातला पहिला नियम असा की, वरच्या फर्राट्याला भुलू नये. मशीनचंही तेच. रंग नवा मारता येतो, लेबल दहा रुपयांत मिळतं, झाकण तर दुसऱ्याच मशीनचं असतं. बघायचं ते जिथे कोणी रंग मारत नाही तिथे.

हे मशीन निघालं स्टिल कंपनीचं. (या नावाने आमच्या गावात घोटाळा होतो. सळईशी संबंध नाही. आंद्रेआस स्टिल नावाच्या जर्मन गृहस्थाने 1926 साली काढलेली कंपनी.) 1959 साली तिने 'कोंट्रा' नावाचं मशीन काढलं, त्याच घराण्यातले पुढचे दोन भाऊ म्हणजे 070 आणि 090. बाहेरून दोघं इतके सारखे की आईनेही फसावं. पण सिलिंडर उघडून व्हर्नियर लावा. पिस्टनची धाव दोन्हीत 40 मिलिमीटर, तोंड मात्र एकाचं 58 आणि दुसऱ्याचं 66. शाळेत शिकलेलं दंडगोलाचं घनफळ आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडतं ते इथे. एक येतो 106 सीसी, दुसरा 137. आमचा निघाला 58, म्हणजे 070. आणि 070 च्या नकला बाजारात उदंड, त्यामुळे त्याचे सुटे भागही उदंड. चांगला-वाईट माल निवडून घ्यावा लागतो, ते सोडा. पण 'पार्ट येत नाहीत' हे वाक्य ज्या मशीनबद्दल सगळ्यात खोटं, नेमकं त्याच्याबद्दल ते ठोकून दिलं होतं!

पुढचा वाद मेकॅनिक मंडळींशी. पिस्टन ओरबाडलेला दिसला की नवा पिस्टन घालायचा आणि पैसे मोजून घ्यायचे, ही त्यांची रीत. पण पहिला का जळला, हे विचारायचं नाही. लोखंड सहसा म्हातारं होत नाही हो, रबर होतं. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील कडक होतात, फटीतून हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येणार, म्हणजे तेही कमी. मशीन तापतं आणि पिस्टन चिकटतो. सील तशीच ठेवून नवा पिस्टन घातला की तोही त्याच वाटेने जातो, आणि मग हेच म्हणायला मोकळे, "बघा, जुन्यात दम नाही." वास्तविक तपासणी पंक्चरवाल्याच्या पोरालाही येईल. धुराडं आणि कार्बोरेटरची वाट बंद करा, हातपंपाने थोडी हवा भरा, साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडा तिथे चोर. दुसरी खोड लुनाच्या काळातली, ऊठसूट सिलिंडर बोअर करून आणायचा. याच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो खरवडून काढला की राहिलं काय?

एक गोष्ट विरोधी पक्षाला देऊन टाकतो. या जुन्या मशीनला साखळीचा ब्रेक सहसा नसतो. पट्टीचं टोक लाकडाला लागून मशीन उसळलं तर साखळी थांबत नाही, आणि समोर माणसाचं तोंड असतं. नवशिक्याच्या हातात ते देऊ नये. पण दुकानदाराने ही हरकत घेतली असती तर मी त्याला चहा पाजला असता. त्याची हरकत होती वयाला.

आता आमच्या धंद्याकडे येतो. मी बी.कॉम. त्यामुळे घरातलंच उणं काढतो. घसारा नावाची जी चीज आम्ही शिकलो, ती यंत्राकडे न बघता यंत्राची किंमत सांगते. दर साल 15 टक्के, घटत्या किमतीवर. दहा हजारांचं मशीन तीस वर्षांनी उरतं शहात्तर रुपयांचं. ते रोज लाकूड कापतं की कोपऱ्यात गंजतं, याला त्या कोष्टकात रकाना नाही. त्यावर बँकेची तऱ्हा बघा. नव्या मशीनला कर्ज हवं तर डीलरचं कोटेशन जोडा, काम होतं. जुनं चालतं करायला हवं तर कोटेशन देणार कोण? ऑइल सील दोन, रिंगा, बेअरिंग दोन, कार्बोरेटरचा डायफ्रॅम, पेट्रोलची नळी, आणि कारागिराचे तीन दिवस. कारागिराकडे लेटरहेड नाही. म्हणून कर्ज नाही. केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार विषयांत शेतीची अवजारंही होती. ही वार्ता आमच्या काउंटरपर्यंत अजून पोचायची आहे.

अर्ज घेऊन मीच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"नवीन घेत असतील तर आज करून टाकू," साहेब म्हणाले, "हे जुनं भंगारात द्यायला सांगा."

भंगारातही त्याचं काय मोठं होणार होतं? बॉडी मॅग्नेशियमची, सिलिंडर ॲल्युमिनियमचा. सळईच्या भट्टीनेही नाक मुरडलं असतं.

बाहेर बाकावर खातेदार बसले होते. म्हणाले, "नवं घेतो म्हनलं की पैसे हायेत, अन् हायेच ते चालू करतो म्हनलं की नाहीत. हे कसं काय साहेब?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मंडळींच्या कानातलं घेऊन आले, गहाण ठेवायला. त्याला कोटेशन लागत नाही. आमच्या सराफाने काटा पुढे ओढला आणि किती ग्रॅम ते सांगितलं.

सील आणि रिंगा सोमवारी आल्या. बेअरिंग यायची आहेत.