आधी कान की आधी कागद?

ब्राझिलियन संगीत पियानोवर शिकताना सुरुवात छापील नोटेशनने करावी की ऐकण्याने, यावर शिकवणाऱ्यांत दोन मते आहेत. दोन्हींत तथ्य आहे.

नोटेशनचा आग्रह धरणाऱ्यांना आधार आहे एर्नेस्तो नाझारेथचा. रिओ द जानेरोच्या या पियानोवादकाने (१८६३–१९३४) पियानोसाठी दोनशेहून अधिक रचना लिहिल्या. त्यांत एका मात्रेचे पाव, अर्धा, पाव असे तुकडे वारंवार भेटतात. मधला लांब स्वर मात्रेच्या ठोक्यावर न पडता पुढे सरकतो आणि सगळा जोर स्वतःकडे ओढतो. त्याच्या ‘ओदेऑन’ या रचनेच्या सुरुवातीला तर धूनच डाव्या हातात आहे. अशी वीण नुसती ऐकून उतरवायला गेले, तर डावा हात हमखास ढोबळ होतो.

दुसरी बाजू म्हणते, खरी लय कागदावर मावतच नाही. छापील पाव मात्रा समान दिसतात. ब्राझिलियन वादक त्या तंतोतंत समान वाजवत नाहीत. सांबात सुर्दो या मोठ्या ढोलाचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो, आणि पहिलीवर जोर देण्याची सवय लागलेला पियानोवादक नेमका तिथे अडतो. शोरो ही शैली तर वादकांच्या मैफलीत, एकमेकांचे ऐकत पुढे आली.

फ्रेंच संगीतकार दारियुस मियो १९१७ मध्ये रिओला गेला. पॅरिसमध्ये रीतसर शिकलेल्या या माणसालाही त्या लयीतला निसटता विराम पकडणे जड गेले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याने छापील रचना विकत घेऊन घोटून घोटून वाजवल्या, आणि अखेर ते त्याला साधले. पण ती लय त्याच्या कानांवर आधीच पडत होती, हे विसरता येत नाही.

म्हणून आमचा कौल असा : कान आधी, कागद लगेच मागून. पायाने दोन मात्रा धराव्यात, टाळीने पाव-अर्धा-पाव वाजवावे, मग डावा हात बसवावा, उजवा शेवटी. तबल्याच्या संगतीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना मात्रा विभागणे परके नाही. दुसऱ्या मात्रेचा भार मात्र त्यांनाही नव्याने अंगी मुरवावा लागेल. या वाटेने पहिली पूर्ण रचना उशिरा हाती येते. शिक्षकांनी आणि पालकांनी तेवढा उशीर सोसावा. घाईने चुकीची बसलेली लय सुधारायला त्याहून जास्त वेळ लागतो.