वीस शब्दांची कविता आणि निर्दोष सुटलेला वाचक

'डोकी डोकी लिटरेचर क्लब'विषयी बोलताना तिचे चाहते एक गोष्ट न चुकता सांगतात : सुरुवातीचे दोन-अडीच तास कसेबसे सोसा, खरी गंमत त्यापुढे आहे. प्रस्तुत लेखात याच्या नेमके उलट म्हणायचे आहे. सोसायचे म्हणून सांगितलेले ते दोन-अडीच तास हाच या कृतीचा मोलाचा भाग आहे, आणि पुढची 'खरी गंमत' म्हणजे लेखकाने स्वतःच उभ्या केलेल्या प्रश्नापासून काढलेला पळ आहे. (कथानक इथे सगळे उघड केले आहे. ज्यांना धक्का अनुभवायचाच असेल त्यांनी आधी चार-पाच तास खर्च करावेत. पैसे पडत नाहीत. कथानकात आत्महत्या आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.)

'व्हिज्युअल नॉव्हेल' हा प्रकार ज्यांच्या वाचनात आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर एखाद्या जागेचे चित्र, त्यावर बोलणाऱ्या पात्राचे चित्र, खाली चौकटीत मजकूर. वाचक कळ दाबत पुढे सरकतो आणि अधूनमधून दोन-तीन पर्यायांतून एक निवडतो. जपानमध्ये चुन्सॉफ्टच्या 'ओतोगिरीसो'पासून (१९९२) हा प्रकार आकाराला आला. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव लीफ या संस्थेने १९९६ मध्ये आपल्या मालिकेला दिले. कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने (१९९४) प्रेमाराधनाची शाखा लोकप्रिय केली : शाळा, चारसहा मुली, एक चेहराहीन नायक आणि योग्य वेळी योग्य उत्तर दिल्यास मिळणारे प्रेम. २००४ मध्ये टॉम रॉथमेल यांनी 'रेनपाय' हे साधन फुकट उपलब्ध करून दिले. प्रेमासाठीचा जपानी शब्द 'रेनआय' आणि पायथन ही संगणकभाषा यांच्या जोडणीतून ते नाव झाले आहे. त्यानंतर एकट्यादुकट्याने अशी छोटी कादंबरी रचून ती फुकट वाटणे सोपे झाले. डॅन साल्वाटो या अमेरिकी लेखकाने आपल्या चमूसह याच साधनावर 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' रचली आणि २२ सप्टेंबर २०१७ रोजी ती विनामूल्य दिली.

'हे साहित्य आहे का?' या आक्षेपावर मला फार शाई खर्च करायची नाही. गंमत अशी की कादंबरीतली नात्सुकी ही मुलगी हाच वाद स्वतः घालते. तिच्या मांग्याच्या प्रती वर्गातल्या कपाटात आहेत, आणि मांगा हेही साहित्यच, असे ती ठणकावून सांगते. आक्षेप घेणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांनी निदान तिचा युक्तिवाद खोडून दाखवावा. ज्याला सुरुवात, संवाद, निवेदक आणि शेवट आहे त्याची समीक्षा करायला आपल्याजवळची हत्यारे पुरेशी आहेत. ती वापरायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आता मूळ मुद्दा. नायक शेजारच्या बालमैत्रिणीच्या, सायोरीच्या, आग्रहाखातर शाळेच्या साहित्य मंडळात दाखल होतो. मंडळात सायोरी, अबोल आणि जडशब्दप्रिय युरी, फटकळ नात्सुकी आणि अध्यक्ष मोनिका. रोज प्रत्येकाने घरून एक कविता लिहून आणायची आणि एकमेकांना दाखवायची. नायकाची कविता 'लिहिण्याची' पद्धत अशी : पडद्यावर शब्दांची यादी येते, त्यातला एक निवडायचा की नवी यादी येते; असे वीस शब्द झाले की कविता झाली. कडेला तीन मुलींची छोटी चित्रे उभी असतात. निवडलेला शब्द ज्या मुलीच्या आवडीचा असेल तिचे चित्र आनंदाने उडी मारते. सुखदुःखाचे सरळ शब्द सायोरीचे, गोडगोजिरे नात्सुकीचे, लांबलचक आणि काळोखे युरीचे. प्रत्येक शब्दाला प्रत्येक मुलीच्या नावे एक ते तीन असे गुण ठरवून दिलेले आहेत. जिच्या नावावर बेरीज जास्त, ती दुसऱ्या दिवशी प्रसन्न.

गुण! हा शब्द मी मुद्दाम योजलेला नाही, यंत्रणाच तशी आहे. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला इथे घाम फुटायला हवा. कारण रसग्रहणाच्या प्रश्नाचे उत्तर आमचा विद्यार्थी याहून वेगळ्या रीतीने लिहीत नाही. 'हृदयस्पर्शी', 'भावगर्भ', 'निसर्गाचे मनोहारी चित्रण', 'कवीची प्रतिभा' : कोणत्या शब्दावर परीक्षकाची लेखणी खूश होऊन उडी मारते हे त्याला पहिल्या सत्रातच कळते, आणि ते त्याला आम्हीच शिकवलेले असते. कविसंमेलनात टाळीच्या जागा हेरून ओळ संपवणारा कवी आणि पुरस्कारसमितीतल्या नावांकडे पाहून प्रस्तावना लिहिणारा समीक्षक ही याच विद्यार्थ्याची पुढची इयत्ता.

याहून महत्त्वाची गोष्ट चाहत्यांच्या नजरेतून निसटलेली दिसते. नायकाची कविता आपल्याला कधीही दाखवली जात नाही. चारही मुलींच्या कविता पूर्ण दिसतात, तेही प्रत्येकीच्या वेगळ्या हस्ताक्षरात. नात्सुकीची साध्या, आवर्ती वाक्यांतली आणि शेवटाला टोचणारी. युरीची प्रतिमांच्या ओझ्याखाली वाकलेली. सायोरीची हसऱ्या चेहऱ्यामागून काहीतरी सांगू पाहणारी. 'तुमची' कविता मात्र वीस शब्दांची बेरीज होऊन नाहीशी होते. मुली ती वाचतात, तिच्यावर बोलतात, पण वाचकाला ती वाचता येत नाही. हा तांत्रिक आळस आहे असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु परिणाम असा होतो की दुसऱ्याच्या पसंतीसाठी लिहिलेल्या कवितेला पाठच उरत नाही. तिचा निकाल तेवढा शिल्लक राहतो. एवढी कठोर साहित्यटीका मी अनेक जाडजूड समीक्षाग्रंथांतही वाचलेली नाही.

याच भागात युरी आणि नात्सुकी यांचे भांडण येते. युरी नात्सुकीच्या कवितेला 'गोड' म्हणते. त्यातली वडीलकी नात्सुकीला झोंबते. मग साधेपणाने लिहिणे श्रेष्ठ की गुंतागुंतीने, यावर दोघी हमरीतुमरीवर येतात. नवकवितेच्या काळापासून आपल्याकडे चाललेला दुर्बोधतेचा वाद डोळ्यांपुढे उभा राहावा इतका हा प्रसंग नेमका आहे. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघीही त्या तथ्याआडून आपली जखम झाकत आहेत. अशा वेळी वाचकापुढे पर्याय येतो : कोणाची बाजू घ्यायची? काव्यविषयक भूमिका घ्यायची संधी म्हणून नाही. कोणाची मर्जी मिळवायची याची ती संधी आहे.

आणि या सगळ्याच्या कडेला सायोरी उभी आहे. तिनेच नायकाला मंडळात आणले. तो युरीसाठी किंवा नात्सुकीसाठी शब्द वेचतो तेव्हा तिला आनंद होतो आणि तोच आनंद तिला आतून पोखरतो. मग ती सांगते की आपल्याला आयुष्यभर नैराश्याचा आजार आहे. नायक तिला मी सगळे ठीक करीन असे आश्वासन देतो. ऐकणाऱ्याला काहीच कळलेले नाही हे त्या वाक्यातून उघड होते. पुढे वाचकाला पर्याय मिळतो : तिच्यावर प्रेम आहे असे सांगायचे की तू माझी जिवलग मैत्रीण आहेस असे म्हणायचे. काहीही निवडा, दुसऱ्या दिवशी सायोरीने आत्महत्या केलेली असते.

इथपर्यंतची रचना निर्दय आहे आणि प्रामाणिकही. योग्य उत्तर दिले की माणूस वाचतो, हा प्रेमाराधनाच्या कादंबऱ्यांचा पाया इथे कोसळतो. वीस शब्दांचे गणित मांडत बसलेल्या वाचकाला कळते की जी माणसे आपण गुणपत्रिकेसारखी वाचत होतो त्यांतल्या एकीला वाचायचेच राहून गेले. तिच्या कविता समोर होत्या. आपण आपल्या कवितेचा निकाल पाहत होतो.

या बिंदूवर कादंबरी संपती, किंवा याच अपराधभावाच्या वाटेने पुढे जाती, तर तिचे नाव वेगळ्या आदराने घ्यावे लागले असते. पण साल्वाटोने वाचकाची सुटका केली. यानंतर खेळ नव्याने सुरू होतो, सायोरी जणू कधी नव्हतीच. चित्रे फाटतात, अक्षरे विस्कटतात, युरीचे वेड वाढत जाते आणि तीही मरते. मग उलगडा होतो : आपण कादंबरीतले पात्र आहोत हे मोनिकाला ठाऊक आहे, शब्दांच्या यादीशेजारी आपले चित्र नाही याची तिला खंत आहे, आणि आपल्यावर कोणाचे लक्ष जावे म्हणून तिनेच इतर मुलींच्या स्वभावांत फेरफार केले. सायोरीचे नैराश्य तिने वाढवले. युरीची आसक्ती तिने वाढवली.

म्हणजे वाचक निर्दोष. ज्या मृत्यूने आपल्याला क्षणभर तरी अस्वस्थ केले त्याचा कर्ता सापडला, त्याचे नाव-गाव समजले, आणि तो एका फाइलमध्ये राहतो हेही कळले. माणसाच्या आजाराचा असा उलगडा मला केवळ सोयीचा वाटत नाही, तो आक्षेपार्ह वाटतो. नैराश्य ही कोणीतरी दुष्टाव्याने फिरवलेली कळ ठरली की त्याच्याशेजारी बसून ऐकण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. आणि 'चौथी भिंत कशी फोडली पाहा' म्हणून टाळ्या पिटणारे चाहते नेमक्या या सुटकेवर खूश आहेत. संगणकाच्या खात्यावरचे तुमचे नाव मोनिका उच्चारते तेव्हा अंगावर काटा येतो हे मलाही मान्य आहे. पण काटा येणे ही रसनिष्पत्तीची सुरुवात असते. तिथेच थांबणाऱ्याला आपण सहृदय म्हणत नाही.

उत्तरार्धातली एक गोष्ट मात्र खरोखर मोठी आहे, आणि तिची दखल आपल्याच काव्यशास्त्राच्या भाषेत घेता येते. भरताने विप्रलंभ आणि करुण यांच्यातला भेद 'सापेक्ष' आणि 'निरपेक्ष' या शब्दांत सांगितला आहे : पुनर्भेटीची आशा उरते तोवर विप्रलंभ, ती तुटली की करुण. आता व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये वाचक आपली जागा जतन करून ठेवतो आणि चूक झाली की तिथे परततो. म्हणजे या प्रकारात आशा यंत्रणेतच बसवलेली आहे. कोणीही मेले तरी मागे जाता येते. म्हणून इथला शोक बहुधा विप्रलंभाच्या पलीकडे जात नाही. सायोरीच्या मृत्यूनंतर ही कादंबरी वाचकाने जतन केलेल्या सर्व जागा पुसून टाकते. परतीची वाट बंद. विप्रलंभाचा करुण झाला, आणि तो एका शब्दाविना झाला. पुढच्या सगळ्या विस्कटलेल्या चित्रांना मिळून हे साधलेले नाही.

प्रतिवाद असा होईल की शेवटी वाचकाला स्वतःच्या हाताने संगणकातली मोनिकाची फाइल पुसावी लागते, तेव्हा अपराध त्याच्याकडे परत येतो. मला हे पटत नाही. तिला पुसल्याशिवाय पुढे जाण्याचा दुसरा मार्गच ठेवलेला नाही. शिवाय ती लगेच पश्चात्ताप करते, तुमच्यावर अजून प्रेम आहे म्हणते आणि अखेरीस गाणेही गाते. पुसणाऱ्याला इतक्या तत्परतेने क्षमा मिळत असेल तर तो अपराध कसला?

दोषाचे ओझे वाचकाच्या हाती ठेवूनही हा प्रकार किती सुंदर होऊ शकतो हे पाहायचे तर क्रिस्टीन लव्ह या कॅनडातल्या लेखिकेची 'डिजिटल : अ लव्ह स्टोरी' (२०१०) पाहावी. तीही फुकट, तीही छोटी, तीही रेनपायवर रचलेली. काळ १९८८, वाचक मोडेमवरून क्रमांक फिरवून निरनिराळ्या संगणकी फलकांवर जातो आणि तिथे एमिलिया नावाच्या एकीशी त्याचा पत्रव्यवहार जुळतो. इथेही 'आपण' लिहिलेली पत्रे कधी दिसत नाहीत. उत्तर पाठवा म्हणायचे आणि तिचे पुढचे पत्र वाचून आपण काय लिहिले असेल हे ताडायचे. पण इथे त्या न दिसणाऱ्या मजकुराला गुण नाहीत. तिथे फक्त निकाल उरला होता, इथे ती कोरी जागा वाचकाची होते आणि तो ती स्वतःच्या शब्दांनी भरत राहतो. शेवटचा निरोपही त्याच्याच हातून घडतो, आणि त्याला ठपका ठेवायला दुसरे कोणी सापडत नाही.

'फुकट आहे, मग एवढे कशाला खोदायचे?' हा शेरा मी ऐकलेला आहे. शेरा मारणाऱ्याला वाटते की आपण उदार आहोत. वस्तुतः ज्याची किंमत नाही त्याची समीक्षाही नको, असा बाजाराचा हिशेब तो साहित्याला लावत असतो. अनियतकालिकांच्या चळवळीचे धडे वर्गात शिकवणाऱ्यांनी तरी हा हिशेब करू नये. असो.

२०२१ मध्ये या कादंबरीची 'प्लस' नावाची विकत घ्यायची आवृत्ती आली. तिच्यात मंडळ कसे सुरू झाले याच्या काही गोष्टी जोडल्या आहेत. त्यांत नायक नाही, शब्दांची यादी नाही, कोणाचे चित्र उडी मारत नाही. मुली एकमेकींशी पुस्तकांवर बोलतात, अडखळतात, दुखावतात, समजूत काढतात. मोनिका आणि सायोरी मिळून मंडळ उभे करतात. नायकाला वगळले की ही पात्रे किती बोलकी होतात हे साल्वाटोला ठाऊक होते, असे त्यावरून दिसते. फक्त त्यासाठी पैसे मोजावे लागतात.