दूरच्या सुरांची अमानत

रमजान सुरू झाला की मोबाइलवर नव्या हम्द आणि नात यांची ये-जा वाढते. हम्द म्हणजे अल्लाहची स्तुती आणि नात म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे गुणगान. कॅसेटच्या जमान्यात अशा रचनेसाठी शायर, गायक आणि वादक यांना मोठ्या शहरातल्या स्टुडिओत एकत्र जमावे लागे. आता शायर कोकणात, गायक आखातात नोकरीला, हार्मोनियम वाजवणारा मराठवाड्यातल्या भजनी मंडळातला आणि सगळे जुळवणारा पुण्यात, असे सहज घडू शकते. एकमेकांचे तोंडही न पाहता गाणे तयार होते. ही सोय मोठी आहे, पण तिच्यासोबत एक जबाबदारीही येते. त्या जबाबदारीचा विचार या महिन्यात तरी व्हायला हवा.

अनेकांना वाटते की हे सगळे व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी गातात. तसे होत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावर बसलेल्या वादकाचा ठोका सेकंदाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. एवढ्यानेही ताल सांभाळणे अवघड होऊ लागते. इंटरनेटवरच्या कॉलला तर याच्या कितीतरी पट उशीर लागतो. ढोलकीची सम एकीकडे आणि गायकाची दुसरीकडे पडते. म्हणून एकाने आधी वाजवायचे, दुसऱ्याने ते हेडफोनवर ऐकत आपला भाग गायचा, तिसऱ्याने त्यावर आपला साज चढवायचा, अशी ही पद्धत आहे.

त्यासाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, पट्टी आणि लय. तानपुऱ्याचा सूर आणि ठेक्याची टकटक सगळ्यांना पाठवली जाते. सतारीच्या तारा पिळता येतात, तबला ठोकून सुरात आणता येतो, पण हार्मोनियमचे सूर वाजवणाऱ्याला जागेवर बदलता येत नाहीत. म्हणून पट्टी ठरवताना पेटीवाल्याला पहिल्यांदा विचारलेले बरे. प्रत्येकाने आपले रेकॉर्डिंग गाण्याच्या अगदी शून्य सेकंदापासून सुरू करायचे, मग आपला भाग तिसऱ्या मिनिटाला का असेना. तसे केले नाही तर जुळवणाऱ्याला कोणाचा सूर कुठे बसवायचा हे कळत नाही. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते.

रोजा धरणाऱ्याला ही शिस्त परकी वाटणार नाही. नागपुरात सूर्य मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. नागपूरकर खजूर तोंडात टाकतो तेव्हा मुंबईकर अजून उपाशी असतो. तरी रोजा एकच असतो. प्रत्येक जण आपापल्या गावची वेळ पाळतो आणि दुसराही ती प्रामाणिकपणे पाळत असेल, असे गृहीत धरतो. दूर बसून केलेले गाणेही अशाच भरवशावर उभे राहते.

2020 चा रमजान आठवावा. 25 एप्रिलला पहिला रोजा झाला तेव्हा मशिदी बंद होत्या आणि तरावीहची नमाज घरोघरी होत होती. त्याच महिन्यात, 1 मे रोजी, ए. आर. रहमान यांचे ‘हम हार नहीं मानेंगे’ आले. शब्द प्रसून जोशी यांचे होते, आणि गायक-वादक आपापल्या घरी बंद होते. 17 मे रोजी शंकर महादेवन यांनी संगीत दिलेले ‘जयतु जयतु भारतम्’ आले. त्यात दोनशेहून अधिक गायकांचे आवाज होते. जे नामवंतांनी त्या दिवसांत नाइलाजाने केले, ते आज लहान गावातला कलाकार रोजच्या कामासारखे करू शकतो.

यात काही हरवतेही, हे मान्य करायला हवे. कव्वालीचेच पाहा. समोरचा श्रोता एखाद्या ओळीवर डोलू लागला की कव्वाल तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतो, मध्येच दुसरा शेर गुंफतो, मागचे साथीदार नजरेने समजून टाळी चढवतात. ठेक्याच्या टकटकीवर एकट्याने गाताना हे घडत नाही. पुन्हा कधी घ्यायचे हे आधीच कागदावर ठरलेले असते. एका खोलीत बसून गाण्याची जागा ही पद्धत घेऊ शकत नाही. पण ज्याला त्या खोलीपर्यंत पोहोचणे कधी परवडलेच नसते, त्याच्यासाठी दार मात्र उघडते.

खरा प्रश्न पुढे येतो. स्टुडिओत ढोलकीवाला समोर बसलेला असे. त्याचा चहा, त्याचे भाडे, त्याचे पाकीट विसरणे कठीण होते. दूरचा ढोलकीवाला मात्र स्क्रीनवर नुसती एक फाइल होऊन राहतो. गाणे प्रसिद्ध होते, त्यावर गायकाचे आणि चॅनेलचे नाव झळकते, ढोलकीवाल्याचे राहून जाते. कधी एका गाण्यासाठी पाठवलेला आलाप न विचारता दुसऱ्याच गाण्यात वापरला जातो. वाद्ये न वापरता केवळ आवाजावर नात गाण्याचा आग्रह धरणारे अनेक आहेत, पण तिथेही मागून साथ देणारी मुले असतातच. त्यांचीही नावे सहसा दिसत नाहीत.

नावे देणे अवघड नाही. 2008 मध्ये ‘प्लेइंग फॉर चेंज’ या उपक्रमाने देशोदेशींच्या रस्त्यावरच्या कलाकारांचे सूर जोडून ‘स्टँड बाय मी’ हे गाणे दाखवले, तेव्हा कलाकारांची नावे आणि गावे पडद्यावर लिहिली होती. आपला कायदाही कलाकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातील ‘कलाकारा’च्या व्याख्येत गायक, वादकांबरोबर डोंबारी आणि गारुडीसुद्धा येतात. 2012 च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर आपले नाव असावे असा हक्क दिला. सादरीकरणाच्या वापराच्या पद्धतीमुळे नाव देता येत नसेल, तेवढाच अपवाद आहे.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, की हे काम सवाबचे, म्हणजे पुण्याचे, यात पैशाचे काय बोलायचे? सगळ्यांनी मिळून तसे ठरवले असेल तर उत्तमच. पण एकाने दुसऱ्याच्या वतीने सवाब ठरवणे योग्य नाही. चॅनेलला जाहिराती मिळत असतील, गाण्याला प्रायोजक असेल, तर वादकालाच तेवढे पुण्य आणि बाकीच्यांना पैसे, ही वाटणी कोणत्या न्यायाची? मजुराला त्याचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषितांची शिकवण प्रत्येक मुस्लिम घरात ठाऊक आहे. ती वीटभट्टीला लागू आहे, तशीच ढोलकीलाही. दूरवरून विश्वासाने पाठवलेला सूर ही अमानत आहे, आणि अमानतीत खयानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या गोष्टीत अफरातफर करणे, हा मोठा दोष मानला जातो.

म्हणून पहिला सूर पाठवण्याआधी चार ओळी लिहून घ्याव्यात: शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती मानधन, आणि पुढे उत्पन्न झाल्यास त्याची वाटणी कशी. पाठवलेला आवाज दुसरीकडे वापरायचा असेल तर पुन्हा विचारावे. या ओळी त्याच व्हॉट्सॲपवर लिहिता येतात आणि त्यासाठी वकिलाकडे जावे लागत नाही. पेटीवाला भजनी मंडळातला असेल आणि शायर मोहल्ल्यातला, तर अशा स्पष्टपणानेच पुढचे गाणेही एकत्र होते.

ईदच्या नमाजआधी गरिबाच्या हाती फितरा पडावा, याची काळजी प्रत्येक घर घेते. मानधन मात्र फितरा नव्हे. फितरा गरजूला द्यायचा असतो आणि मानधन ज्याने काम केले त्याला, मग तो गरीब असो वा नसो. ते देऊन टाकण्यासाठीही ईदच्या आधीचा दिवस चांगला आहे. आणि ज्यांची नावे राहून गेली असतील, त्यांची गाण्याखाली आजही लिहिता येतील.